ज्योत्स्नाबाई भोळे आपल्या अमरावतीच्या सूनबाई, आणि हे आपल्यालेच माहीत नाही

पऱ्हाटीतली (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी, धागा थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात रात्री लाईट गेली होती. परतीच्या पावसात भिजलेली बोंडं घरी आणून टाकली आहेत, ती मी आणि माय पडवीत बसून मोबाईलच्या टॉर्चवर फोडत होतो. माय ७८ वर्षांची आहे. नजर कमी झाली पण बोटं अजून बरोबर चालतात, बोंड हातात आलं की अंगठा कुठे दाबायचा ते बघावं लागत नाही तिले. आणि ती गुणगुणत होती, 'माझिया माहेरा जा'. हे गाणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले असेन. मले आजपर्यंत वाटायचं की हे तिच्या माहेरचं जात्यावरचं गाणं आहे, पुसदकडच्या बायका म्हणत असतील तसं काहीतरी. कधी विचारलंच नाही. आपल्या मायच्या गाण्याले कवी असतो, चाल लावणारा असतो, हे डोक्यातच येत नाही आपल्या.

माझी भाची शेजारी बसून होती, तिनं नंतर मोबाईलवर ते शोधलं आणि मूळ गाणं लावलं. माय एकदम थांबली. हातातलं बोंड तसंच. म्हणे, 'हेच, हीच बाई, पाटलाच्या वाड्यावर रेडिओ होता, आम्ही पोरी भिंतीच्या इकडून ऐकत होतो, आत नव्हतो जात.' म्हणजे साठ-पासष्ट वर्षं झाली असतील. तिले गाणाऱ्या बाईचं नाव माहीत नव्हतं, पण आवाज दोन सेकंदात ओळखला.

नाव ज्योत्स्ना भोळे. मग मी चार-पाच दिवस वाचत बसले, आमच्या शाळेच्या लायब्ररीत एक जुनं पुस्तक होतं आणि बाकी इकडून तिकडून. आणि वाचता वाचता एका ओळीवर अडकले, त्यांचे मिस्टर केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ चा, अमरावतीचा. म्हणजे बाई आपल्या अमरावतीच्या सूनबाई झाल्या ना! इथं दर मंडळाच्या गणपतीत मोठमोठ्या कलाकारांचे बॅनर लागतात, पण यांचं नाव मी कधी ऐकलं नाही कोणाच्या तोंडून.

थोडक्यात सांगते. जन्म ११ मे १९१४, गोव्यात बांदिवड्याचा. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. मोठी बहीण गिरिजाबाई स्वतः गाणारी. मुंबईत आल्या, आग्रा घराण्याची तालीम मिळाली, कमी वयात रेडिओवर गाऊ लागल्या. १९३२ ला केशवरावांशी लग्न, तेव्हा त्या अठराच्या. आणि पुढच्याच वर्षी १ जुलै १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बिंबाचं काम. मग १९४२ ला 'कुलवधू'. ते 'बोला अमृत बोला' वालं. १९७६ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ५ ऑगस्ट २००१ ला पुण्यात गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे, हिराबागेत. अमरावतीत काय आहे?

तर कोणाच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांले ऐकलं असेल, नाटक बघितलं असेल, काही आठवण असेल तर लिहा ना. मायले वाचून दाखवायचं आहे.

तुरीचा_दाणा (दिग्रस)

ताई एक नंबर धागा. पण केशवराव भोळे कोण ते सांग ना नीट, मला फक्त नाव ऐकल्यासारखं वाटते.

पऱ्हाटीतली

अरे 'संत तुकाराम' पिक्चर १९३६ चा, प्रभातचा, आपल्या गावात सप्ताहात पडद्यावर दाखवायचे तो. त्याचं संगीत केशवरावांचं. त्यात 'आधी बीज एकले' आहे, सगळ्यांना वाटते तुकारामाचा अभंग आहे, पण तो शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आणि चाल केशवरावांची. आमच्या गावात भजनी मंडळ अजून तो अभंग म्हणूनच म्हणतात, इतका तो खरा वाटतो. 'कुंकू' १९३७ चा, त्यातलं 'मन सुद्ध तुझं' पण त्यांचंच. आणि ते टोपणनावानं गाण्याबद्दल लिहायचे, 'एकलव्य' नावानं, 'शुद्धसारंग' नावानं. म्हणजे कान असलेला माणूस होता.

पेटीवाला_आबाजी (अचलपूर)

बाई, तुमचा धागा नातवानं वाचून दाखवला, मी बोलतो अन् तो टाईप करते. पन्नास वर्षं पेटी वाजवली, भजनात वाजवली, नाटकात ऑर्गन वाजवला, तं दोन शब्द बोलाचा हक्क आहे असं समजतो.

पयले एक दुरुस्ती करून ठेवतो, कोणी उद्या चुकीचं लिहू नये म्हणून. 'बोला अमृत बोला' ची चाल केशवरावांची नाही. ती मास्टर कृष्णरावांची, 'कुलवधू' चं सगळं संगीत त्याईचंच. नवऱ्याची चाल अन् बायको गायली असा हिशोब लोक करून टाकतात. 'आंधळ्यांची शाळा' चं संगीत मात्र केशवरावांचं.

आता मुद्दा. ज्योत्स्नाबाईनं काय नवीन केलं हे समजाले जुनं काय होतं ते समजून घ्या. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की नाटक थांबे. नट समोर येऊन उभा राहे, ऑर्गनवाला सूर धरे, पब्लिक वन्समोर देत जाय अन् तेच पद तीन तीन दा. रात्री नवाले सुरू झालेलं नाटक पहाटे संपे, त्याचं कारण पदं. त्यात मजा होती, मी नाही म्हणत नाही, मी त्याच्यावरच पोसलो. पण 'एकच प्याला' तली सिंधू रडून राहिली अन् रडता रडता पंधरा मिनिटं ताना घेऊन राहिली, तं मंग ती सिंधू राहात नाही, ती मैफल होते.

'आंधळ्यांची शाळा' काढणाऱ्या 'नाट्यमन्वंतर' या नाटक मंडळीनं १९३३ ले हे मोडाचं ठरवलं. पदं कमी, छोटी, अन् माणूस बोलता बोलता गाण्यात शिरते तशी. घर घरासारखं दिसलं पायजे, बाईचं काम बाईनं केलं पायजे. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक मुळात नॉर्वेच्या ब्यर्नसन या लेखकाचं, श्री. वि. वर्तकांनी मराठीत आणलं. त्यात पोरगी विचारते की लग्नाआधी चारित्र्य फक्त बाईचंच काहून तपासता, पुरुषाचं का नाही. १९३३ साली! असं बोलणाऱ्या नाटकात नुसती गोड गळ्याची बाई चालणार नव्हती, बोलल्यासारखं गाणारी पायजे होती. ते ज्योत्स्नाबाईले जमलं. माझं मत असं आहे की त्या रेडिओवर वाढल्या म्हणून जमलं. रेडिओच्या माईकसमोर ओरडून चालत नाही, शब्द पोचवा लागतो. नाटक कंपनीत वाढलेल्या गळ्याले ते लवकर नाही जमत, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकाची सवय असते त्याले.

'बोला अमृत बोला' भैरवी आहे. हजार जण गातात ते, लग्नात गातात, हळदीकुंकवात गातात. पण बाईचं ऐका, 'बोला' हा शब्द त्या गात नाहीत, खरंच बोलतात. सूर मागून येते. मी पेटीवर दहा वेळा काढून पाह्यलं, पेटीवर ते निघत नाही.

मूर्तिजापूरकर

आबाजींना दंडवत. पण एक सांगावं वाटते, हिराबाई बडोदेकरांचं नाव न घेता हा विषय पूर्ण होत नाही. मूर्तिजापूर हे वसंतराव देशपांड्यांचं गाव आहे म्हणून आम्हाला नाट्यसंगीताचं जरा जास्तच वेड, सहन करा.

ज्योत्स्नाबाईंच्या आधी, १९२९ मध्ये, हिराबाईंनी भावंडांना घेऊन स्वतःची नाटक मंडळी काढली होती. सुरेशबाबू माने, कमलाबाई, सरस्वती राणे ही सगळी भावंडं. बायकांनी रंगभूमीवर बायकांचं काम करायचं हे त्यांनी आधीच करून दाखवलं होतं, आणि तेही स्वतःच्या कंपनीत, स्वतःच्या खर्चानं. शिवाय पैसे देऊन तिकीट काढून बाईचं शास्त्रीय गाणं ऐकायला घरंदाज लोक येऊ लागले ते हिराबाईंमुळे. तर पहिलेपणाचा मान द्यायचा तर तिथे द्या.

पऱ्हाटीतली

दादा मान्य, शंभर टक्के. मी पहिल्या म्हटलंच नाही पण तुमचं बरोबर आहे, ते नाव यायलाच पाहिजे होतं. मी म्हणते ते इतकंच की हिराबाई गायिका म्हणून सगळ्यांना माहीत आहेत आणि ज्योत्स्नाबाईंचं गाणं माहीत आहे पण बाई माहीत नाही. माझ्या मायसारख्या किती जणी असतील.

सावनेरची_सून

मी वाचत होते नुसती, पण आबाजींनी सिंधूचा विषय काढला म्हणून लिहिते. आमच्या सावनेरला नाटककार राम गणेश गडकरी गेले, २३ जानेवारी १९१९. 'एकच प्याला' त्यांनी लिहून ठेवलं आणि रंगमंचावर बघायला राहिले नाहीत, महिन्याभरात बडोद्याला पहिला प्रयोग झाला, सिंधू बालगंधर्वांची. आमच्या घरात माझे मामंजी दरवर्षी पुण्यतिथीला ते नाटक काढून थोडंतरी मोठ्यानं वाचायचे, मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

ताई, मला एक गोष्ट नेहमी सलते. सिंधू दळण दळते, मार खाते, नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही, आणि तिचं काम पुरुष करत होता, आणि सगळा महाराष्ट्र रडत होता. मग २३ वर्षांनी 'कुलवधू' येते. त्यातली भानुमती कमावती आहे, सिनेमात काम करते, तिचं नाव होते आणि नवऱ्याला ते सोसत नाही. आणि तिचं काम एक खरी बाई करते जी स्वतः नाटकात काम करून नाव कमावते आहे. म्हणजे जे बोलते आहे तेच जगते आहे. मला वाटते प्रेक्षकांमधल्या बायकांना ते कळत असणार. सिंधूसाठी त्या रडल्या, पण भानुमतीकडे बघून त्यांना काय वाटलं असेल ते कोणी लिहून ठेवलं नाही, कारण बायकांना कोणी विचारलंच नसेल.

झाडीची_नटी (वडसा)

मी झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, काम करते. एकोणीस सीझन झाले. दिवाळीची मंडई लागली की सुरू, तं होळीपर्यंत घर नाही. दिवसा गाडीत झोपा, राती दहाले पडदा, सकाळी पाचले मेकअप पुसा. गाणं मले येते, म्हणून पदवाली नाटकं असली की मलेच बोलावतेत.

सूनबाई सूनबाई वाचून मले थोडं कसंतरी झालं जी, राग नका मानू ताई. तुम्ही प्रेमानंच लिहिलं ते समजते. पण आम्हाले जिंदगीभर हेच ऐकावं लागते, कोणाची बायको, कोणाची सून, सासरी चालते का. तं ज्योत्स्नाबाई अमरावतीले कधी राहिल्या तरी का? त्याईचं नाव नवऱ्याच्या गावामुळे लावाचं असन तं माहेराचं का नाही? बाई गोव्याच्या, नाव केलं मुंबईत, गेल्या पुण्यात.

पण 'कुलवधू' बद्दल सावनेरच्या ताईनं लिहिलं ते वाचून मी दोनदा थांबली. मले घर मिळत नाही भाड्यानं. 'नाटकात काम करते' म्हटलं की खोली आधीच कोणाले तरी दिलेली असते. मी आता सांगते की शिवणकाम करते. ते पण खोटं नाही, ब्लाउज शिवतेच मी उन्हाळ्यात. माझ्या मालकाले माझं गाणं आवडे, लग्नाआधी समोर बसून ऐके. लग्नानंतर पहिल्या सीझनले म्हणे, आता बंद कर. मी केलं नाही. बाकीचं नाही लिहत.

गाण्याबद्दल एक सांगते. आमच्या स्टेजवर माईक वरून वायरनं लटकवलेले असतेत. पद आलं की माईकखाली जाऊन उभं राहाचं, नाही तं मागच्या पब्लिकले ऐकू येत नाही, शिट्ट्या मारतेत. तं नवऱ्यासंग बोलता बोलता गाणं आलं तरी त्याले सोडून माईककडे चालत जावं लागते. पेटीवाले आबाजी म्हणतेत ना, बोलता बोलता गाण्यात शिरणं, ते आमच्याकडे त्या तीन पावलात मरते. मी काय करते, ती तीन पावलं चालताना पहिली ओळ बोलून टाकते, गात नाही. मंग माईकखाली सूर लावते. हे मले कोणी शिकवलं नाही. आज तुमचं वाचून समजलं की हे आधी पण कोणीतरी केलं होतं.

पऱ्हाटीतली

तुम्ही लिहिलेलं वाचून मी उठून बाहेर जाऊन आले. बरोबर आहे तुमचं. मी अभिमानाच्या भरात लिहिलं, पण ते सूनबाई म्हणणं म्हणजे बाईंना आपल्या घरात घेऊन दार लावून घेण्यासारखंच झालं. शीर्षक बदलायची सोय असती तर बदललं असतं. राहू द्या, तुमचा प्रतिसाद खाली आहे, वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील.

मायले तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, 'त्या पोरीले राती झोपाले कुठं देतात?'

पेटीवाला_आबाजी

झाडीच्या बाई, तुमच्या त्या तीन पावलांले माझा नमस्कार. खरा कलावंत अडचणीतूनच रस्ता काढते.

तुमचं घराचं वाचून एक आठवलं ते सांगतो. साल नाही आठवत पण मी पंचविशीत असेन. आमच्या गावात नवरात्रात हौशी नाटक होई, बायकांची कामं पोरंच करत. त्या वर्षी ठरलं की 'कुलवधू' करू अन् भानुमतीले बाहेरून बाई आणू, कारण ती पदं आमच्यातल्या कोणा पोराले जमणं शक्य नव्हतं. वर्गणी काढली. बाई आल्या एसटीनं, सोबत म्हातारी आई अन् एक पत्र्याची पेटी. अन् गावात खळबळ. ज्या पाटलानं सर्वात जास्त वर्गणी दिली त्यानंच आपल्या वाड्यात उतरवाले नाही म्हटलं. दोन घरी विचारलं, तिथं बी नाही. नाटकवाली बाई घरात कशी राहील. मारुतीच्या पारावर बसून होत्या दोघी, पेटी मधात ठेवून, अन् पोरं लांबून पाहून राहिली. नोव्हेंबर नव्हता तरी संध्याकाळची हवा थंड होती, म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

माझी माय निघाली घरातून. तिनं कोणाले विचारलं नाही, बाबाले बी नाही. सरळ पारावर गेली अन् ती पेटी स्वतः उचलली. म्हणे, चला, भाकरी टाकल्या आहेत. तीन दिवस राहिल्या आमच्या घरी. सकाळी त्या बाई विहिरीवर तोंड धूत धूत खर्जात सूर लावत अन् माझी माय चुलीपाशी हात थांबवून ऐके. जाताना मायनं खणानारळानं ओटी भरली. बाबा चार दिवस बोलले नाहीत मायशी, मंग बोलले.

नाटक चांगलं झालं. 'बोला अमृत बोला' ले तीन वन्समोर आले, पाटलानं पयला दिला.

तुरीचा_दाणा

आबाजी काय लिहू. अंगावर काटा आला.

एक प्रश्न होता, ते माहेरचं गाणं कोणाचं आहे मग? ताईंनी सांगितलंच नाही.

मूर्तिजापूरकर

मी सांगतो. 'माझिया माहेरा जा' लिहिलं राजा बढे यांनी. 'जय जय महाराष्ट्र माझा' लिहिणारे तेच, जन्म १९१२, नागपूरचे. आणि चाल पु. ल. देशपांड्यांची. लोकांना पुलं लिहिणारे म्हणून माहीत, पण पेटीवर बसणारे आणि चाली लावणारे पुलं किती जबरदस्त होते ते या एका गाण्यात कळते. पाखराला निरोप सांगायचा आहे तर चाल पण जमिनीवर नाही टेकत.

अमरावतीचा मुद्दा निघाला तर हे गाणं निदान शब्दांनी तरी आपल्या विदर्भातलं आहे, याचा आनंद मानायला कोणाची हरकत नसावी.

पऱ्हाटीतली

दादा हे मले माहीत नव्हतं, खरंच. मायले सांगितलं, नागपूरच्या माणसानं लिहिलं म्हणून. ती म्हणे, 'पुरुषानं लिहिलं? त्याले कसं समजलं?' बराच वेळ तेच म्हणत होती.

तिचं माहेर आता नाही राहिलं तसं. मामा गेले, वावर विकलं, घराची भिंत पडली आहे म्हणतात. दहा वर्षांत गेली नाही ती. पण गाणं म्हणताना एका जागी ती दरवेळी थांबते, अंगणाचा विषय येतो तिथं, थोडा श्वास घेते आणि पुढं जाते. मी मूळ गाणं दहा-बारा वेळा ऐकलं, ज्योत्स्नाबाई तिथं थांबत नाहीत. ते थांबणं मायचं स्वतःचं आहे.

झाडीची_नटी

ताई, मायच्या आवाजात ते गाणं रेकॉर्ड करून पाठवता का? यंदा एका नाटकात सासुरवाशिणीचा सीन आहे, तिथं पद पायजे म्हणून लेखक मागे लागला आहे. नेहमी सिनेमाचं टाकतेत. मी हे गाते म्हटलं.

पऱ्हाटीतली

पाठवलं तुम्हाला मेसेजमध्ये. मायचा आवाज फार खाली गेला आहे वयानं, तुम्हाला जमेल का त्या सुरात? मध्ये एका जागी बकरी ओरडली आहे, तेवढं सोडून द्या.

पेटीवाला_आबाजी

मायच्या सुरात नका गाऊ, त्याईचं वय वेगळं. तुमचा सूर काळी चारच्या आसपास असन तं तिथंच धरा, राती तीनले गळा बसलेला असते तेव्हा एक सूर खाली आणा, लाजू नका. अन् तबलेवाल्याले सांगा, मधात मधात लग्ग्या नको लावू, नुसता ठेका. हे गाणं ठेक्याच्या मागं थोडं राहिलं पायजे, पुढं पळालं की लावणी होते. अन् ऑर्गनवाल्याले म्हणा शब्दाच्या वेळी बोटं उचल.

सावनेरची_सून

आणि झाल्यावर इथे कळवा हं. आम्ही वाट बघतोय.

झाडीची_नटी

उशीर झाला, माफ करा. भाऊबीजेपासून रोज नाटक आहे, रेंज पण नव्हती.

गायली. परवा, ब्रह्मपुरीकडच्या एका गावात, धानाच्या बांधीत मंडप होता, कापणी झालेली. अडीच-तीनचा टाईम असन. दव इतकं पडलं होतं का ताडपत्रीवरून स्टेजवर टपटप पडे. समोर सतरंजीवर सगळ्या बायका, चादरी पांघरून, पोरं मांडीवर झोपलेली. सीन असा आहे का सासू बाहेर काढते अन् मी एकटी उभी. तं मी ती तीन पावलं चाललीच नाही यावेळी. माईकवाल्याले आधीच सांगून एक माईक माझ्याच जागी लटकवून घेतला होता. जिथं उभी होती तिथंच सुरू केलं, बोलल्यासारखं.

अन् ताई, मायसारखी मी त्या जागी थांबली. ठरवलं नव्हतं. ऑर्गनवाला घाबरला, त्याले वाटलं मी विसरली, प्रॉम्प्टर पण आतून शब्द देऊन राहिला. शिट्टी नाही वाजली एक. वन्समोर पण नाही आला. बायकांमधून कोणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं, बस.

सकाळी तोंड धुवून चहा घेत होती तं एक बाई आली, हातात शाळेची वही अन् पेन, म्हणे ते पाखराचं गाणं लिहून द्या. मी लिहून दिलं. कोणाचं आहे विचारलं तिनं. मी तीन नावं सांगितली, राजा बढे, पु. ल. देशपांडे अन् ज्योत्स्ना भोळे. तिनं ती पण लिहून घेतली, ज्योत्स्ना लिहताना दोनदा खोडलं.

पऱ्हाटीतली

माय शेजारी बसून आहे, पूर्ण ऐकलं तिनं. डोळे पुसते आहे पण विचारते तेच, राती झोपाले कुठं दिलं होतं तुम्हाला?

झाडीची_नटी

मायले सांगा, शाळेच्या खोलीत झोपलो आम्ही पाच जणी. गाद्या होत्या. ती वहीवाली बाई घरून दोन चादरी आणि तांदळाच्या भाकरी घेऊन आली होती.